प्रदर्शनासाठी घडवलेले व्हिक्टोरियन कपाट कसे पारखावे

लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जॅक्सन अँड ग्रॅहम या व्हिक्टोरिया राणीच्या काळातील फर्निचर घडवणाऱ्या पेढीचे नाव सांगून एखादे कपाट विक्रीस आले, तर त्याच्या दर्शनी बाजूपुढे रेंगाळू नये. त्या काळच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांत मांडायचे फर्निचर मुळात डोळे दिपवण्यासाठीच घडवलेले असे. म्हणून पाहणी पाठीमागून आणि आतून सुरू करावी.

प्रथम खण पूर्ण बाहेर काढून त्याच्या वरच्या कडेवर, तसेच दारांच्या कडांवर, पेढीचा ठसा शोधावा. तो सापडला तरी हुरळून जाऊ नये, कारण ठशावरून फार तर निर्माता कळतो, वस्तू प्रदर्शनात होती हे कळत नाही. आणि ठसा नंतरही मारता येतो. वस्तू प्रदर्शनात होती का हे ठरवण्यासाठी त्या काळच्या सचित्र सूचीच पाहाव्या लागतात. ‘आर्ट जर्नल’ या ब्रिटिश कलाविषयक मासिकाने 1851, 1862 आणि 1867 च्या प्रदर्शनांच्या अशा सूची काढल्या होत्या. त्यांतील चित्राशी पाय, कंगोरे आणि जडावकामाची नक्षी एकेक करून ताडावी. मात्र ते कोरीव चित्र आहे, छायाचित्र नव्हे, हे ध्यानात ठेवून बारीकसारीक फरकांवरून वस्तू लगेच बाद करू नये.

यानंतर लाकूड पाहावे, आणि येथे घाई मुळीच करू नये. ब्रूस टॅलबर्ट यांनी आखलेले आणि याच पेढीने 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेले ‘जूनो’ कपाट आबनुसाचे, म्हणजे मुळातच काळ्या असलेल्या लाकडाचे, असून त्यावर हस्तिदंताचे जडावकाम आहे. परंतु त्या काळी साध्या लाकडाला काळा रंग देऊन आबनुसाचा आभास निर्माण करण्याची रीतही जोरात होती. झिजलेल्या कडेवर किंवा बिजागरीखालच्या खाचेत फिकट लाकूड दिसले, तर तो रंगच समजावा. अर्थात, कोलिन्सन अँड लॉकसारख्या नामांकित पेढ्यांनीही असे काम उत्तम केले असल्याने ते हलके मानण्याचे कारण नाही. जडावाचा पांढरा तुकडा भिंगाखाली धरावा: हाडात बारीक काळसर ठिपके वा रेघा दिसतात, हस्तिदंतात त्या दिसत नाहीत.

हस्तिदंत असल्यास सौदा करण्यापूर्वी कायदा तपासावा. ब्रिटनचा 2018 चा हस्तिदंत कायदा जुन्या वस्तूंनाही सरसकट सूट देत नाही, आणि भारतात हा व्यापार बंदच आहे.

शक्य असल्यास खरेदीपूर्वी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील ‘जूनो’ पाहून यावे.