दोन विमानांमधले आठ तास: सोलापूरहून निघणाऱ्या आई-बाबांसाठी

मुलाकडे किंवा लेकीकडे परदेशी निघालेल्या आई-बाबांची तिकिटं काढायला जे माझ्याकडे येतात, त्यांची पहिली मागणी ठरलेली असते: "ताई, मध्ये थांबायला फार लागू नये एवढं बघा." दीड तासाचं कनेक्शन दिसलं की तिकडून मुलगाही फोनवर खूश होतो. मी मात्र साठीच्या पुढच्या माणसाला दीड तासाचं कनेक्शन देत नाही. सात-आठ तासांचं देते, आणि त्या वेळात काय करायचं ते समोर बसवून सांगते. तेच इथे लिहिते आहे.

सोलापूरच्या माणसाचा प्रवास मुंबई विमानतळावर सुरू होत नाही, तो साडेचारशे किलोमीटर अलीकडे सुरू होतो. वंदे भारतने सकाळी निघा नाहीतर सिद्धेश्वरने रात्री, पुढे दादरहून किंवा सीएसएमटीहून बॅगांसकट टॅक्सी, मग तीन-चार तास आधी विमानतळावर हजर, आणि आखाताकडे जाणारं विमान बहुतेकदा पहाटेचं. दोह्याला उतरेपर्यंत घराला कुलूप लावून चोवीस तास होत आलेले असतात. पुढे ह्यूस्टनला जायचं तर आणखी सोळा तासांच्या आसपास एकाच खुर्चीत. अशा माणसाला मध्ये धावत गेट गाठायला लावू नये. पाय सुजलेले असतात, झोप झालेली नसते, नव्या जागी दिशा कळत नाहीत. मधले सात-आठ तास शरीर ताळ्यावर आणायला मिळतात, आणि ते नीट वापरले तर पुढचं लांब विमान सुसह्य होतं.

सुरुवात तिकिटापासून. सगळी विमानं एकाच पीएनआरवर हवीत. थोडे पैसे वाचतात म्हणून दोन वेगळी तिकिटं जोडली की पहिलं विमान उशिरा आल्यावर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही, आणि बॅगाही थेट शेवटपर्यंत जात नाहीत. मुंबईत चेक-इन झाल्यावर बॅगेला लावलेल्या पट्टीवर शेवटच्या विमानतळाचा तीन अक्षरी कोड आहे ना, ते काउंटर सोडण्याआधी वाचून घ्या. पुढच्या विमानाचा बोर्डिंग पासही तिथेच मागून घ्या.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल तिथेच इमिग्रेशन होतं. बॅगेला पट्टी पुढच्या शहराची असली तरी सहसा तिथे पट्ट्यावरून बॅगा उचलाव्या लागतात, कस्टम्समधून न्याव्या लागतात, पुन्हा द्याव्या लागतात आणि स्वतःची सिक्युरिटी पुन्हा करावी लागते. म्हणून दोह्याहून डॅलसला उतरून पुढे देशांतर्गत विमान असेल, तर डॅलसला किमान चार तास ठेवा. अबुधाबीची गोष्ट याच्या उलट. तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन अबुधाबीतच उरकता येतं, ही सोय २०१४ पासून आहे. अमेरिकेत उतरल्यावर मग रांग नाही. इंग्रजी प्रश्नांची धास्ती असलेल्यांना मी हा मार्ग आवर्जून सुचवते, कारण ताजंतवानं असताना अधिकाऱ्यासमोर उभं राहणं आणि लांब प्रवासाने थकून उभं राहणं यात फार फरक पडतो. फक्त तिकडच्या तपासणीत शिरण्याआधी खाणंपिणं उरकून घ्या.

युरोपमार्गे जाणार असाल तर ट्रान्झिट व्हिसाचं बघा. लंडनला नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीय पासपोर्टवर तो लागू शकतो. अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर बहुतेक वेळा सूट मिळते. हे नियम बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर त्या दिवशीचा नियम वाचा.

आता हातातली बॅग. मधल्या थांब्यात मोठी बॅग हाताशी नसते, जे काही असेल ते हातातल्याच बॅगेत.

खाण्याला आपल्याकडे कडक भाकरीसारखं दुसरं काही नाही. पाणी नाही, तेल नाही, वास नाही, आणि आठवडाभर खराब होत नाही. तुकडे करून स्टीलच्या डब्यात भरा, म्हणजे बॅगेत चुरा होत नाही. सोबत शेंगा चटणी, पण छोट्या पुडीत. अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांत हातातल्या बॅगेत ३५० मिलिलीटरपेक्षा जास्त पूड असली की ती उघडून तपासतात, काही वेळा काढूनही घेतात. किलोभर चटणी मोठ्या बॅगेत जाऊ दे. दही, लोणचं, चटणीतलं तेल हे सगळं १०० मिलिलीटरच्या नियमात अडकतं, ते हातात नकोच.

आणि खसखस. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये खसखशीवर बंदी आहे, ती अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते. आपल्याकडे लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई डिंकाचे लाडू करते, त्यात खसखस असते. दिवाळीच्या अनारशांना ती लावलेली असते. काही घरांत काळ्या मसाल्यातही पडते. तुम्ही फक्त विमान बदलणार असलात तरी हा धोका पत्करू नका. लाडू खसखशीशिवाय करा, बाळंतिणीला तेवढेच लागू पडतात.

गोळ्या सगळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. पॉवर बँकही हातातच, मोठ्या बॅगेत ती चालत नाही. एक जोडी कपडे, मोजे, पातळ शाल. जाड सोलापुरी चादर लेकीसाठी मोठ्या बॅगेत घाला, पण अंग पुसायला टर्किश टॉवेल नको, पातळ पंचा घ्या, तो लवकर वाळतो. पाण्याची बाटली रिकामी न्या. मधल्या विमानतळावर उतरल्यावर पुन्हा सिक्युरिटी होते, भरलेली बाटली तिथे रिकामी करायला लावतात. पलीकडे गेल्यावर पिण्याच्या पाण्याचे नळ असतात, तिथे भरून घ्यायची.

उतरल्यावर पहिलं काम एकच: मोठ्या स्क्रीनसमोर उभं राहून पुढच्या विमानाचा नंबर शोधा. आठ तास आधी गेट बहुधा लागलेलं नसतं, त्याची काळजी नको. पण स्क्रीन कुठे आहे ते लक्षात ठेवा आणि दर दोन तासांनी बघा. आपल्याला रेल्वेची सवय असते, गाडी आली की कोणीतरी ओरडून सांगणार असं वाटतं. मुंबई, दुबईसारख्या विमानतळांवर प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही. तुमचं विमान तुम्हीच शोधायचं. बोर्डिंग साधारण तासभर आधी सुरू होतं आणि विमान सुटण्याच्या वीसेक मिनिटं आधी गेट बंद होतं. बोर्डिंग पासवरची बोर्डिंगची वेळ हीच तुमची वेळ, विमान सुटण्याची वेळ डोक्यातून काढून टाका.

दुसरं काम प्रसाधनगृहात. तोंड, मान, हात, पाय गार पाण्याने धुवा, पंचाने पुसा, कपडे आणि मोजे बदला. अंघोळच हवी असेल तर लाउंजमध्ये किंवा विमानतळातल्या हॉटेलात पैसे भरून सोय होते. नुसते पाय धुऊन कोरडे मोजे घातले तरी माणूस अर्धा ताजा होतो.

मग खाणं आणि गोळ्या. इथे माझी एक पद्धत आहे, ती माझ्या आईला फार सोयीची पडली. मनगटावरचं घड्याळ भारताच्या वेळेवरच ठेवायचं, मोबाइल आपोआप तिथल्या वेळेवर जातो. विमानासाठी मोबाइल बघायचा, गोळ्यांसाठी मनगट. दोहा आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तिथे पहाटेचे साडेपाच वाजलेले असताना मनगटावर आठ असतात, म्हणजे चहाची आणि बीपीच्या गोळीची वेळ. दुबई दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र पुढच्या लांब विमानाचं वेळापत्रक निघण्याआधी डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावं.

घरी कळवायचं तर अमिरातीत व्हॉट्सॲपवरून फोन लागत नाही, तिथे तो बंद आहे. मोबाइल बिघडला असं समजून घाबरू नका. मेसेज जातात, आवाज रेकॉर्ड करून पाठवता येतो. हे मुलालाही आधी सांगून ठेवा, नाहीतर तो तिकडे काळजी करत बसतो. काही ठिकाणी वायफायला ओटीपी लागतो, म्हणून भारतातलं सिम काढून ठेवू नका आणि रोमिंग चालू आहे याची निघण्याआधी खात्री करा.

मग झोप, फिरणं नव्हे. आधी अडीच-तीन तास आडवं व्हा, बाकीचं नंतर. दोह्याच्या हमद विमानतळावर शांत खोल्या आहेत, बायकांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळ्या, मागे रेलता येणाऱ्या खुर्च्यांच्या, आणि त्यांना पैसे पडत नाहीत. आत मिणमिणता उजेड असतो आणि गारठा असतो, शाल तिथे लागते. जोडप्याने एकमेकांना भेटायची जागा आणि वेळ आधी ठरवून घ्या. मोबाइलवर दोन गजर, दहा मिनिटांच्या अंतराने. पासपोर्ट आणि पैशांची पिशवी गळ्यात, सदऱ्याच्या आत. बॅगेचा पट्टा पायात अडकवून ठेवा.

झोप झाली की चाला. हे पुढच्या विमानासाठी आहे: तासन्तास बसून पायात रक्त साकळू नये म्हणून. दोह्यात चालायला उत्तम जागा म्हणजे ऑर्चर्ड, २०२२ साली उघडलेली विमानतळाच्या आतली बाग. काचेच्या छताखाली खरी झाडं, ओली माती, बसायला कट्टे. विमानतळाच्या मधल्या मोठ्या दालनात पिवळं मोठं अस्वल दिसेल, जवळजवळ सात मीटर उंच, डोक्यातून दिवा उगवलेला. उर्स फिशर या स्विस कलाकाराचं ते काम आहे. दिसतं मऊ, पण जवळ गेलात की कळतं, सगळं ब्राँझ आहे, कापडाच्या शिवणी आणि सुरकुत्यासुद्धा धातूत उमटवलेल्या. माझी आई त्याच्यापाशी बराच वेळ उभी राहून त्या शिवणी बघत होती. भेटायची जागा ठरवायलाही हे अस्वल सोयीचं, कोणालाही विचारलं तरी रस्ता सांगतात.

ऑस्ट्रेलियाला जाणारे सिंगापूरला थांबतात. तिथला प्रसिद्ध चाळीस मीटरचा धबधबा ज्वेल नावाच्या इमारतीत आहे, ती २०१९ मध्ये उघडली. ती इमिग्रेशनच्या बाहेर आहे, तिथे जायचं तर इमिग्रेशन करून बाहेर पडावं लागतं. पण टर्मिनल दोन आणि तीन यांच्यामध्ये धावणारी स्कायट्रेन ज्वेलच्या आतूनच जाते. ती फुकट असते, आणि ट्रान्झिटमधल्या प्रवाशालाही काचेतून धबधबा दिसतो. टर्मिनल तीनमध्ये फुलपाखरांची बाग आहे, तिथेही पैसे लागत नाहीत. संध्याकाळनंतर फुलपाखरं बसून राहतात, म्हणून दिवसा जा.

बाहेर शहरात जावं का, हे सगळे विचारतात. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी जाऊ नये, असं माझं मत आहे. ज्यांना सवय आहे त्यांनी आधी हिशोब करावा. नऊ तास असतील तर बाहेर पडायला एक, जायला-यायला दोन, आणि विमानाच्या आधी अडीच-तीन तास परत. हातात तीन-साडेतीन तास उरतात. दुबईत ते जमतं, कारण टर्मिनल तीनलाच मेट्रो आहे आणि त्याच लाल मार्गावर बुर्ज खलिफाचं स्टेशन लागतं. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयांना दुबईत पोहोचल्यावर पैसे भरून व्हिसा मिळण्याची सोय आहे. मेट्रो रात्रभर चालत नाही, आणि मे ते ऑगस्टमधलं ऊन आपल्या सोलापूरच्या माणसालासुद्धा जड जातं. थांबा फारच लांब असेल तर तिकीट काढतानाच विचारा: एमिरेट्ससारख्या काही कंपन्या त्यांच्या अटींत बसल्यास हॉटेल आणि जेवण देतात. ते आधी मागावं लागतं, तिथे जाऊन मिळत नाही.

व्हीलचेअर घेणाऱ्यांनी एवढं करा. ती फुकट असते आणि इमिग्रेशनच्या रांगा वाचवते, पण थांब्यात तुम्हाला एका जागी बसवून माणूस निघून जातो. तो जाण्याआधी बोर्डिंग पास दाखवून विचारा, किती वाजता परत येणार. प्रसाधनगृहाला न्यायला सांगायला संकोच करू नका, ते त्याचं कामच आहे. आखातात हिंदी सगळीकडे चालते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या माझ्या गिऱ्हाइकांना मी सांगते, तेलुगूत बोलून बघा. तिथे काम करणारे आंध्र-तेलंगणाचे लोक खूप आहेत, कोणीतरी हमखास भेटतं.

शेवटचा दीड तास गेटपाशीच काढा. बाटली भरून घ्या, प्रसाधनगृहाला जाऊन या, पुढच्या विमानातल्या गोळ्या खिशात काढून ठेवा आणि मुलाला गेट नंबरसह एक मेसेज टाका.

परतीच्या तिकिटातही मुंबईचा थांबा मोजायला विसरू नका. विमान उतरल्यापासून बॅगा हातात येईपर्यंत दोन तास धरा, टॅक्सीला दीड. रात्रीची सिद्धेश्वर पकडायची असेल तर दुपारी चारच्या आत मुंबईत उतरणारं विमान बघा. सकाळी उतरणार असाल तर सीएसएमटीच्या रिटायरिंग रूमचं बुकिंग निघण्याआधीच करून ठेवा, कारण परत येताना बॅगा भरलेल्या असतात आणि दिवसभर त्या राखत प्लॅटफॉर्मवर बसणं होत नाही.