अननस लिली लावण्याआधी

कंद हातात आला की तो कधी एकदा मातीत घालतो असं होतं, पण आधी पाण्याचं गणित समजून घ्या. अननस लिली, म्हणजे युकोमिस, दक्षिण आफ्रिकेतल्या गवताळ माळांवरची. तिथे पाऊस पडतो तो उन्हाळ्यात, हिवाळा कोरडा जातो. हिवाळ्यात ती झोपते, आणि कमी पाण्यात भागवते ती फक्त या झोपेच्या काळात. पानं वाढत असताना तहानलेली ठेवलीत तर तुरा खुरटाच राहणार.

झोपेत मात्र पाणी साचून राहिलं तर कंद सडतो, म्हणून पहिलं काम निचऱ्याचं. जिथे लावायचं तिथे वीतभर खड्डा करून पाण्याने भरा. दोन-तीन तासांनीही पाणी तसंच दिसलं तर मातीत जाडसर रेती, बारीक खडी मिसळा, किंवा सरळ उंच वाफा करा. तुमच्याकडे हिवाळी पाऊस असेल तर कुंडीच बरी. थंडीत उचलून आडोशाला ठेवता येते. ऊन भरपूर हवं. ताजं शेणखत नको, कुजलेलं चालेल.

कंद दाबून बघा. टणक आणि हाताला जड लागला पाहिजे. तळाची चकती मऊ पडली असेल तर तो घेऊच नका. जमीन गोठते तिथे 15 सेंमी खोल पुरून वर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन द्या. थंडी सौम्य असेल तर कंदाचा गळा, म्हणजे वरचं निमुळतं टोक, मातीलगत राहिला तरी चालतो. दोन कंदांत वीतभर अंतर ठेवा, पानं चांगली पसरतात. लावताना मुलं आणि कुत्री लांब ठेवा, कंद विषारी असतो.

जात कुठली आहे तेही विचारून घ्या. कोमोसाच्या फुलांना गोड वास असतो. बायकलरला मात्र सडक्या मांसासारखी घाण येते, कारण तिला परागीभवनासाठी माश्या हव्या असतात. दिसायला देखणी, पण खिडकीखाली नको.

शेवटचं, खुणेची काठी. हिवाळ्यात जमिनीवर काहीच उरत नाही आणि वसंतात कोंब फुटायला बराच उशीर लागतो. मी एकदा खूण ठेवली नाही, जागा रिकामी समजून खुरपं मारलं आणि पांढऱ्याशुभ्र कंदाचे दोन तुकडे वर आले. वाढीच्या दिवसांत नुसतं पान मोडलं असतं तर निभावलं असतं: त्याचे बोटभर तुकडे ओल्या रेतीत उभे खोचले की खालच्या कडेला मण्यांएवढे कंद धरतात.