मिरचीचे बी घेताना विचारा: नेमक्या कोणत्या रोगाला प्रतिकारक?

खरीप मिरचीची रोपे टाकायचे दिवस आले आहेत. दुकानातल्या पाकिटावर 'रोगप्रतिकारक' असे छापलेले दिसले, तरी तेवढ्यावर बी घेऊ नका. सगळ्या रोगांना पुरून उरणारे एकच जनुक मिरचीत नाही. भुरीचे (पानांवर पांढरी बुरशी येते तो रोग) वेगळे, चुरडा-मुरड्याचे (पाने आकसून बोकडतात तो रोग) वेगळे, जिवाणूजन्य ठिपक्यांचे वेगळे. भुरीला दाद न देणारे वाण चुरडा-मुरड्यापुढे पार बसू शकते.

म्हणून गेल्या हंगामात आपल्या रानात नेमके काय आले होते, ते आधी ठरवा. पाने बोकडली की सरसकट 'व्हायरस' म्हटले जाते. पानाच्या कडा वर वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळून देठ लांबले असतील तर कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारी अगदी बारीक कीड. पाने बारीक, शिरा जाड, झाड खुजे आणि पानामागे पांढरी माशी असेल, तर विषाणूचा संशय घ्या. विषाणूला प्रतिकारक वाण लावून कोळी थांबत नाही. विषाणूचाच त्रास असेल तर बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अर्का तेजस्वी, अर्का यशस्वी यांसारख्या संकरित वाणांची चौकशी करा.

लाल मिरची वाळवून विकणाऱ्यांनी फळकुजीबद्दल आणखी एक प्रश्न विचारावा. हिरव्या फळातली प्रतिकारशक्ती आणि पिकलेल्या फळातली प्रतिकारशक्ती वेगवेगळ्या जनुकांवर अवलंबून असल्याचे अभ्यासांत दिसले आहे. हिरव्या तोड्यात स्वच्छ राहिलेले वाण लाल होताना सडू शकते. तेव्हा चाचणी कोणत्या अवस्थेत घेतली होती, हे विचारूनच बी घ्या.

संकरित वाणाच्या फळांतून घरचे बी धरू नका. समजा, प्रतिकारशक्ती एकाच प्रभावी (एका पालकाकडून आले तरी गुण दाखवणाऱ्या) जनुकाची आहे आणि ते एकाच पालकाकडून आले आहे. मग पुढच्या पिढीत साधारण चारातले एक झाड त्याशिवाय निघते. ते झाड रोग धरते आणि शेजारच्या रानालाही रोगाचे घर होते. प्रतिकारशक्ती दोन-चार जनुकांवर असेल तर फाटाफूट याहून जास्त. ब्याडगी, संकेश्वरीसारख्या सरळ (संकरित नसलेल्या) वाणांचे बी मात्र निरोगी झाडांवरून जरूर धरा. फक्त ती झाडे दुसऱ्या मिरचीपासून लांब हवीत, कारण मधमाश्या पराग इकडून तिकडे नेतात.

चांगले जनुकही कायमचे टिकत नाही. जिवाणूजन्य ठिपक्यांविरुद्ध दक्षिण अमेरिकेतल्या रानमिरचीतून बीएस-२ हे जनुक आणले गेले. ते खूप वापरात आले आणि त्याला चुकवणारे जिवाणू तयार झाले. म्हणून प्रतिकारक वाण असले तरी रोपवाटिकेवर ४० ते ५० मेशची (इंचाला तितक्या छिद्रांची) जाळी लावाच, लागवडीआधी बांधाला मक्याच्या दोन-तीन ओळी पेरा आणि विषाणूची झाडे दिसली की उपटून जाळा. जुनी मिरची शेजारी उभी ठेवून नवी लावू नका. बियाण्याचे पाकीट, लॉट क्रमांक आणि पावती शेवटच्या तोड्यापर्यंत जपून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर कृषी विभाग आधी तेच मागतो.