मॉडेल कारची धुरकटलेली काच: माझा अनुभव

१/२४ मापाच्या (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाच्या) मॉडेल कारची पुढची काच सुपरग्लूने चिकटवली आणि रात्रीतून कडेला पांढुरकी साय धरली. या गोंदाची वाफ हवेतल्या दमटपणाशी मिळून काचेवर बसते. बोटांचे ठसे असतील तर तिथे आधी. ॲसिटोन लावायचा मोह टाळा. गोंद सुटेल, पण ही ‘काच’ ज्याची असते ते पॉलिस्टायरीन प्लास्टिकही विरघळेल.

साय पातळ असेल तर कापसाच्या काडीवर पॉलिशिंग कंपाउंड पुरतं. माझ्या काचेवर गोंदाचा थेंबही होता, म्हणून काच काढून आधी २००० ग्रिटचा (अगदी बारीक) पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरवला, मग ३०००. पेपर बदलला की घासायची दिशा आडवी करायची. पहिल्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेले का, ते तिरप्या उजेडात लगेच कळतं. घासताना मागून अंगठ्याचा आधार हवाच, नाहीतर काच मधोमध तडकते. शेवटी कंपाउंड, साबणाच्या पाण्याने धुणं, आणि पारदर्शक ॲक्रिलिक ग्लॉसचा एक पातळ हात. सुकेपर्यंत वर डबा पालथा, धूळ बसली की पुन्हा २०००!

परत बसवताना पांढरा पीव्हीए गोंद, टूथपिकच्या टोकाने. पकड बेताची, पण वाफ नाही आणि सांडलेला ओल्या कापडाने पुसता येतो.