शरीरात सोडलेल्या टी-पेशींचा पेट स्कॅनने माग कसा काढावा

कार-टी या कर्करोगावरील उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) काढून, कर्कपेशी ओळखण्यासाठी त्यांत ‘कार’ जनुक घालून त्या पुन्हा शिरेवाटे सोडल्या जातात. पण त्या कर्करोगाच्या गाठीत शिरल्या की वाटेतच अडकल्या, हे रक्ततपासणी सांगू शकत नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. ते औषध रक्ताच्या कर्करोगांसाठी आहे. घन गाठींवर असे उपचार करू पाहताना मात्र पेशींचा ठावठिकाणा कळणे फार निकडीचे ठरते. त्यासाठी पेट स्कॅन, म्हणजे शरीरातील किरणोत्सारी द्रव्य कुठे आहे ते दाखवणारे चित्रण, वापरता येते. पुढील पद्धत अजून संशोधनाच्या कक्षेतली असल्याने नीतिविषयक समितीची व किरणोत्सारविषयक परवानगी आधी घ्यावी.

किती दिवस माग काढायचा आहे, हे प्रथम ठरवावे. आठवडाभर पुरेसा असेल, तर पेशींना लेबल (स्कॅनमध्ये दिसणारी किरणोत्सारी खूण) लावण्यासाठी झिर्कोनियम-८९ ऑक्झिन, म्हणजे ऑक्झिन या रसायनाशी बांधलेला किरणोत्सारी धातू, वापरावे. ऑक्झिन मेदात विरघळणारे असल्यामुळे ते धातूला पेशीच्या आवरणापार नेते आणि आत गेल्यावर धातू पेशीतील प्रथिनांना चिकटतो. रक्तद्रवातील ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन हा धातू ओढून घेते, म्हणून पेशी आधी धुऊन प्रथिनविरहित द्रावणात घ्याव्यात. लेबल लावल्यावर त्या पुन्हा धुवाव्यात आणि पेशींत किती किरणोत्सार राहिला व धुतलेल्या द्रावणात किती गेला, हे मोजावे.

या टप्प्यावर घाई करू नये. टी-पेशी किरणोत्साराने सहज दुखावतात; जास्त लेबल लावल्यास चित्र ठळक येते, पण ते आजारी पेशींचे असते. त्याच पेशींचा एक भाग लेबलविना, बाकी सर्व प्रक्रिया तशीच करून बाजूला ठेवावा आणि दोन्ही भागांतील जिवंत पेशींचे प्रमाण, विभाजन व कर्कपेशी मारण्याची क्षमता यांची तुलना करावी. जिवंतपणाची चाचणी केवळ त्याच दिवशी न करता पुढील काही दिवसही करावी, कारण इजा उशिरा दिसते.

पेशी सोडल्यावर पहिला स्कॅन काही तासांत घ्यावा. त्यात फुप्फुसे उजळलेली दिसणे स्वाभाविक आहे. नंतर पेशी यकृत, प्लीहा व अस्थिमज्जेकडे सरकतात. झिर्कोनियम-८९चे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ) सुमारे ७८ तास असल्याने सातव्या दिवशी मूळ किरणोत्साराचा चौथा हिस्साही उरत नाही. ही घट हिशेबात धरल्याशिवाय दोन दिवसांच्या चित्रांची तुलना करू नये.

चित्र वाचताना खरी कसोटी लागते. कॅमेऱ्याला धातू दिसतो, पेशी दिसत नाही. मेलेल्या पेशीतून सुटलेले झिर्कोनियम हाडांत साठते, काही भाग भक्षक पेशी गिळतात, आणि टी-पेशी विभागल्या की प्रत्येकीच्या वाट्याचे लेबल निम्मे होते. म्हणून मुद्दाम मारलेल्या लेबलयुक्त पेशी आणि नुसते झिर्कोनियम यांचे प्राण्यांतील स्कॅन तुलनेसाठी आधीच हाताशी असावेत.

आठवड्यापलीकडे जायचे असेल, तर पेशींत खूणजनुक, म्हणजे त्या स्कॅनमध्ये ओळखता याव्यात यासाठीचे जनुक, घालावे लागते. हर्पीस विषाणूच्या थायमिडिन कायनेज या विकराचे जनुक घातलेल्या टी-पेशी एफएचबीजी नावाच्या फ्लोरिन-१८युक्त द्रव्याला आत अडकवतात. ग्लायोमा या मेंदूतील गाठीच्या ७ रुग्णांवरील असे काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. हे जनुक विभाजनानंतर पुढच्या पेशींतही उतरते आणि स्कॅन हवा तेव्हा पुन्हा करता येतो, मात्र विषाणूचे प्रथिन रुग्णाची प्रतिकारशक्ती परके म्हणून ओळखू शकते.

दोन्ही पद्धतींत गाठीतील उजळ ठिपका संशयास्पद वाटला, तर शक्य तिथे त्याच जागेचा तुकडा काढून त्यात कार जनुक आहे का, हे पीसीआर या जनुकीय चाचणीने तपासावे.