पेपरातला दर आणि खात्यावरचा दर

शिवाजी विद्यापीठातून पत्रकारिता करून बाहेर पडलो तेव्हा ऊस मला फक्त खायला माहीत होता. पहिल्याच गळीत हंगामात बातमी लावली, अमुक कारखान्याचा टनाला एवढा दर. दुसऱ्या दिवशी कागलकडचे एक काका बिल घेऊन ऑफिसात हजर. ‘पेपरातला दर माझ्या खात्यावर कुठं हाय, दाव की!’

तोडणी-वाहतूक वजा होते, हे मी लिहिलंच नव्हतं. काकांनी चहा पिता पिता त्याच बिलाच्या पाठीवर हिशेब मांडून दाखवला. तुम्हीही एकदा मांडून बघा. 2024-25 ची एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे 340 रुपये, पुढच्या दर 0.1 टक्क्याला 3.32. म्हणजे उतारा 12.25 असेल तर टनाला 4,064. त्यातून तोडणी-वाहतूक गेली की उरलं ते शेतकऱ्याचं. प्रेसनोट वाचून हे कळत नाही.

पुढं एमपीएससी देऊन माहिती खात्यात गेलो. अभ्यासाचं सांगणारे ढीगभर आहेत, ते सोडतो. जड गेलं ते वेगळंच. रात्री लिहिलेलं सकाळी छापून यायची सवय, आणि इथं नस्ती, म्हणजे फाईल, महिनाभर टेबलं फिरते. शिवाय 1979 च्या वर्तणूक नियमांमुळं सरकारवर टीका करणारं लिहिता येत नाही. हे पटत असेल तरच फॉर्म भरा, नाहीतर आयुष्यभर कुढत बसाल.

पण कायदा मुळातून वाचायची सवय तिथंच लागली. बातमीदार असताना ‘ऊसबिलं थकली’ एवढंच लिहायचो. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात 14 दिवसांत पैसे, नाहीतर 15 टक्के व्याज लिहिलंय. साखर आयुक्तांनी आरआरसी, म्हणजे वसुलीचा दाखला, काढली की जिल्हाधिकारी महसुली थकबाकीसारखी वसुली करतात, हे नोकरीत कळलं.

शेतीधोरणाकडं शेवटी वळलो. तिथं माझी पहिली टिपणी परत आली. काकांचीच बाजू होती त्यात, कारखान्याची नव्हतीच. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये झाली ती 2024-25 पर्यंत तिथंच राहिली, आणि तोवर एफआरपी क्विंटलला 275 वरून 340 वर गेली. हे दोन आकडे शेजारी ठेवून टिपणी पुन्हा लिहिली. काकांना वाचून दाखवली तर म्हणाले, ‘आता कारखान्याचा माणूस झालास व्हय रं?’