एमडी साहेब, माल गोदामातून गेला म्हणजे विकला गेला नाही! या चुका टाळा

फरसाण, मसाले, साबण या लाईनमध्ये बरीच वर्षं काढली, आधी सेल्समन मग एरिया मॅनेजर, त्यामुळे वरचे साहेब लोक डिस्ट्रिब्युशनवर 'लक्ष ठेवतात' म्हणजे नक्की काय करतात ते जवळून बघितलंय. काही जण ढुंकूनही बघत नाहीत, काही जण इतकं बघतात की खालच्याला कामच करता येत नाही.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे प्रायमरीला सेल समजणं. कंपनीने स्टॉकिस्टला, म्हणजे त्या भागातल्या घाऊक वितरकाला, बिल केलं की प्रायमरी, स्टॉकिस्टने किराणावाल्याला दिलं की सेकंडरी, आणि गिऱ्हाईकाने पुडा घरी नेला तो खरा सेल. साहेबांना प्रायमरीच दिसते कारण ती आपल्याच हिशोबाच्या टॅलीतून निघते, फुकटात.

एका फरसाण कंपनीत असताना मार्च एंडला टार्गेट कमी पडत होतं. मराठवाड्यातल्या एका स्टॉकिस्टकडे महिन्याला शंभर पेट्या लागायच्या, आम्ही अडीचशे उतरवल्या, जास्तीची स्कीम देऊन, आणि हो, उतरवणाऱ्यात मी पण होतो. एप्रिलमध्ये वर पेढे वाटले. मे महिन्यात त्याच्याकडे गेलो तर गोदाम छतापर्यंत भरलेलं, खालच्या पेट्या दबून चुरा, उरलेल्या घरात दिवाणखाली. मालाची लाईफ चार महिने. त्यात गंमत अशी की लसूण शेव, जी हातोहात जायची, तीच संपलेली आणि ती मागवायला त्याच्याकडे पैसे नाहीत, सगळे भावनगरी फरसाणात अडकलेले. म्हणाला, "साहेब, तुमचं मार्च क्लोज झालं, आता माझं दुकान क्लोज व्हायची वेळ आली." जुलैत गाडी भरून माल परत आला, इन्सेंटिव्ह मात्र कधीच वाटून झाला होता.

हे फक्त छोट्या कंपन्यांत होतं असं नाही. अमेरिकेत ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या औषध कंपनीने होलसेलरकडे असाच गरजेपेक्षा जास्त माल ढकलून सेल फुगवला होता, 2004 मध्ये तिथल्या सेबीसारख्या संस्थेशी सेटलमेंट करताना 15 कोटी डॉलर भरावे लागले.

माझी सवय साधी आहे. दर सोमवारी प्रत्येक स्टॉकिस्टचा क्लोजिंग स्टॉक भागिले आठवड्याची सेकंडरी, म्हणजे किती आठवडे पुरेल ते कळतं. चारच्या वर गेला की त्याचं बिलिंग बंद, मग महिनाअखेर असो नाहीतर दिवाळी. एक्सेलवर होतं. नवीन पोरं आल्या आल्या सॉफ्टवेअर मागतात, ॲप मागतात, आणि सेल्समन टपरीवर चहा पीत पीत ॲपवर दहा दुकानांचं चेक-इन, म्हणजे भेट दिल्याची नोंद, करतो.

दुसरी चूक याच्या उलट, नको तितकं बघण्याची. एका डायरेक्टरना प्रत्येक गाडीचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर लागायचा, लोडिंगचा, सीलचा, गेटचा, आणि यांचा 'ओके' येईपर्यंत गाडी हलायची नाही. हे मीटिंगमध्ये. इकडे ई-वे बिल, म्हणजे जीएसटीतला माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद, बनलेलं, त्याला 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो, ती मुदत गेटवरच उडायची. अहो, डिस्पॅचचा माणूस पगार घेतो ना, करू द्या त्याला! तुमच्याकडे फक्त बिघडलेलं यावं: गाडी दिवसभर लेट, साठा चार आठवड्यांच्या वर, स्टॉकिस्टचा क्लेम, म्हणजे त्याने कंपनीकडे मागितलेले पैसे, महिनाभर अडकलेला. बाकी ग्रुप म्यूट.

नवीन प्रॉडक्ट एकाच दिवशी सगळ्या जिल्ह्यांत सोडू नका. दोन तालुके बघा, थांबा. एवढाही धीर नसेल तर ही लाईन सोडा.

क्रेडिट नोट, म्हणजे स्टॉकिस्टचे देणे असलेले पैसे त्याच्या खात्यात जमा दाखवणारा कागद, लटकवू नका, स्टॉकिस्ट तोंडावर बोलत नाही, पुढची ऑर्डर कमी करतो.

आणि मार्केट व्हिजिट कळवून करू नका. कळवलं की आदल्या रात्री दुकानं सजतात. मी एसटीने जायचो, कोपऱ्यावरच्या दुकानात पाच रुपयाचा पुडा मागायचो आणि उलटा करून तारीख बघायचो. मागच्या रांगेतला मागायचा बरं का, पुढचा सेल्समनने कालच लावलेला असतो.